कोकण किनाऱ्यावर आलेल्या एका इंग्रज पाद्र्याने मराठीत पुराण लिहिलं, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. फादर थॉमस स्टीफन्स. जेझुइट पंथाचे हे गृहस्थ १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजाने गोव्यात उतरले आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं बहुतेक गोव्यातल्याच साष्टी भागात राहिले. तिथल्या जेझुइट कॉलेजचे ते काही काळ प्रमुखही होते.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं, कीर्तनं सुटली होती, त्यांच्या जागी ऐकायला काहीच नव्हतं. ती उणीव भरायला 'क्रिस्तपुराण' रचलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. १६१६ मध्ये राचोलला छापलं ते मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरी अक्षरांचे छपाईचे खिळे तिथे नव्हते. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी कानात मुरल्याशिवाय असं लिहिता येत नाही, असं माझं मत. पोर्तुगीज अमलातल्या धर्मांतराची काळी बाजू त्यामुळे पुसली जात नाही, हेही खरं.

त्यांनी कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापून आलं. गंमत बघा, पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याच लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला!