ऑपरेशननंतर छातीत पू झालाय, सीटी बघून नळी टाकणं सेफ आहे का?

तुमच्या वडिलांच्या फुफ्फुसाचा भाग काढला, घरी आल्यावर परत थंडीताप, सीटीत त्याच बाजूला पू, आणि आता डॉक्टर म्हणतायत परत छाती उघडण्याआधी नळी टाकून बघू. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत (स्कॅन बघत सुई-नळ्या टाकणाऱ्या विभागात) आहे, या नळ्या टाकणं आमचं रोजचं काम, म्हणून सांगतो, ही टाळाटाळ नाहीये, अशा पेशंटमध्ये बऱ्याचदा आधी हेच करतात. साठलेल्या पूमध्ये अँटिबायोटिक धड पोचत नाही, तो बाहेरच काढावा लागतो, आणि नुकत्याच मोठ्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला लगेच परत पूर्ण भूल देणं जड जातं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आत्ताच सांगून ठेवा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) आणि प्लेटलेट बघूनच हात लावतात. सोनोग्राफी किंवा सीटीवर जागा ठरवून, तेवढाच भाग बधिर करून सुई घालतात, तीही बरगडीच्या वरच्या कडेला लागून, कारण रक्तवाहिन्या आणि नर्व्ह खालच्या कडेने जातात. पू आला की सुईतून तार आणि तारेवरून नळी, बहुतेक पिगटेल (टोकाला वेटोळं असलेली), १२ फ्रेंच म्हणजे साधारण ४ मिमी जाड. पहिला पू कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत ते तपासायला, गेला ना ते विचारा, पुढचं अँटिबायोटिक त्यावरच ठरतं. रक्तस्राव किंवा फुफ्फुसातून हवा सुटणं हे धोके आहेत, पण सुई कुठे चाललीये ते स्क्रीनवर दिसत असल्याने कमी.

खरी मेहनत नंतर असते. पू पिठल्यासारखा घट्ट असतो, नळी चोंदते, बॅगेत काही येत नाही आणि घरच्यांना वाटतं पू संपला, आणि ताप मात्र उतरत नाही! म्हणून सलाईनने नळी कोण धुणार, दिवसातून किती वेळा, हे वॉर्डात स्पष्ट विचारा, आणि रोज किती आलं ते लिहून ठेवा. दिवसाला १०-२० मिलीच्या खाली आलं, ताप गेला आणि स्कॅनमध्ये पोकळी मिटलेली दिसली की मग नळी काढतात. पूमध्ये कप्पे झाले असतील तर दुसरी नळी लागू शकते.

तुमच्या केसमध्ये एक प्रश्न सर्जनना आजच विचारा, श्वासनळी जिथे शिवलीये तिथून हवा लीक होतेय का? तसं असेल तर नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत राहतात, नुसत्या नळीने भागेलच असं नाही, परत ऑपरेशन लागू शकतं. आणि नळी धुताना किंवा कूस बदलल्यावर एकदम खोकला येऊन पातळ, पूसारखं पाणी तोंडातून पडायला लागलं तर वडिलांना ऑपरेशनच्या बाजूवर वळवा, म्हणजे पू चांगल्या फुफ्फुसात जाणार नाही, आणि सिस्टरना लगेच हाक मारा.