पटावरील दाणे आणि ६४१

प्रश्न : वायंगणाचे भात कुडवाने मोजताना मी मुलाला बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट सांगितली. पहिल्या घरात एक दाणा ठेवून ६४ घरांपर्यंत प्रत्येक घरी दुप्पट करत गेल्यास एकूण १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे लागतात. शेवटी ५ असल्याने संख्येला ५ ने भाग जातो हे त्याने लगेच ओळखले. ७ नेही जात असावा, असे तो म्हणतो. एवढ्या मोठ्या संख्येचे मूळ अवयव कागदावर काढता येतील का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : काढता येतील, मात्र तिच्या वीस अंकांकडे न पाहता ती कशी तयार झाली ते पाहावे. ही संख्या म्हणजे २ च्या ६४ व्या घातातून १ वजा. ८ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ८ च्या २१ व्या घाताची, म्हणजेच २ च्या ६३ व्या घाताची बाकीही १ असते; ६४ व्या घाताची २ होते आणि त्यातून १ वजा केल्यास १ उरतो. तेव्हा ७ ने भाग जात नाही. ३ ने जातो, कारण अंकांची बेरीज ८७ आहे.

२ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग असल्याने दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतील सूत्र येथे चालते, आणि ते पुन्हापुन्हा वापरत गेल्यास ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ असे सहा अवयव हाती येतात. यांतील पहिले पाच मूळ आहेत. सहावाही मूळच असणार, असे १७ व्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी त्याला ६४१ ने भाग जातो हे दाखवले.

याचा पडताळा मला तरी लांबलचक भागाकारापेक्षा अधिक आवडतो. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी उणे १ धरता येते, आणि त्याचा चौथा घात घेतल्यास ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. दुसऱ्या रूपामुळे ६२५ च्या जागी उणे १६ घेता येतात, आणि १६ हा २ चा चौथा घात असल्याने २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की काहीच उरत नाही.

६४१ च का, हेही ऑयलर यांनीच पुढे स्पष्ट केले : या सहाव्या अवयवाच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ तपासून झाले की पाचवी पाळी ६४१ ची येते. भागाकार ६७००४१७ असून तोही मूळ आहे. अशा प्रकारे सात वेगवेगळे मूळ अवयव एकेकदाच येतात आणि १ व स्वतः संख्या धरून एकूण १२८ विभाजक होतात. ६७००४१७ मूळ असल्याची खात्री आपल्या मुलालाही करता येईल. तीच अट लागू असल्याने आणि विभाजक वर्गमूळापर्यंतच शोधावे लागत असल्याने २५८८ पर्यंतच्या अवघ्या ४० संख्यांतून मूळ तेवढ्या निवडून भाग देऊन पाहावे.