हॅम्लेटला वाडी म्हणायचं की खेडं?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या 'स्नॅप' या ओसाड पडलेल्या हॅम्लेटचा (म्हणजे छोट्या वस्तीचा) इतिहास मराठीत लिहायचाय, तर हॅम्लेटला खेडं, पाडा, वाडी यातलं काय म्हणू, आणि 'डेझर्टेड'ला काय.

माझं मत वाडी. खेडं नको, कारण खेडं म्हणजे व्हिलेज झालं. तिकडे ढोबळ हिशोब असा की चर्च असेल तर व्हिलेज, नसेल तर हॅम्लेट. हा काही कायदा नाही, पण लोक असंच समजतात. स्नॅपचंच बघा ना, चुनखडीच्या माळावर मोजकी घरं, जवळपास शेतं, आणि पॅरिशचं (चर्चच्या हद्दीतल्या परिसराचं) चर्च मात्र ऑल्डबर्न गावात. म्हणजे मूळ गाव एकीकडे आणि ही वस्ती त्याला जोडलेली. आपल्या कोकणातल्या वाड्यांचं हेच की, ग्रामदेवतेचं देऊळ गावात, वाडी बाजूला. पाडा म्हटलं की पालघर-डहाणूकडची आदिवासी वस्ती डोळ्यासमोर येते, त्यामुळे तो शब्द मला इथे खटकतो.

शब्दाचं मूळही लहानपणाचंच आहे. जुन्या जर्मानिक भाषांत 'हाम' म्हणजे घर किंवा वस्ती (नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम मधलं हॅम तेच), त्याचं फ्रेंचांनी केलं हामेल म्हणजे छोटी वस्ती, आणि त्याचंही पुन्हा लहान रूप हामलेत.

आता खरी गंमत. आपल्या महसुली कागदात याला नेमका शब्द आहे, मजरे! कसबा (बाजारपेठेचं मोठं गाव), मौजे (साधं गाव), मजरे (गावाला जोडलेली वस्ती) ही उतरंड. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव आहेत, राधानगरीकडे मजरे कासारवाडा आहे. मजरे मूळ अरबीतून आलेला, तिथे अर्थ पेरणीची जमीन, म्हणजे लांबच्या शेतावर लोक राहायला गेले आणि त्याची वस्ती झाली. अर्थाने हॅम्लेटला याहून जवळचा शब्द मला सापडत नाही, पण आज पुण्या-मुंबईच्या वाचकाला मजरे कळणार नाही म्हणून लेखात वाडीच ठेवा, एकदा मजरेचा उल्लेख केला की झालं.

'डेझर्टेड'साठी तर आयता शब्द आहे, बेचिराख. आपण तो जळून राख झालेलं अशा अर्थाने वापरतो, पण त्यात राख नाहीच, फारसी बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते, आणि महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला अजूनही बेचिराख गाव म्हणतात. स्नॅप तसंच झालं. 1870च्या दशकापासून धान्याचे भाव पडले, शेतमजुरांना काम राहीना, मग 1905च्या सुमारास शेजारच्या रॅम्सबरीच्या एका खाटकाने तिथली शेतं विकत घेऊन मेंढ्या सोडल्या. मेंढ्यांना माणसं कितीशी लागणार? पहिल्या महायुद्धापर्यंत वाडी रिकामी, आणि मग लष्कराने रिकाम्या घरांवर सराव करून उरलंसुरलंही घालवलं. 1991 मध्ये तिथे आठवणीचा एक दगड बसवलाय. फक्त बेचिराख लिहिलंत तर कंसात 'ओसाड' टाका, नाहीतर वाचक आग कुणी लावली ते शोधत बसेल.

आणि हो, लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स या भागाच्या नावाचं भाषांतर करू नका, ते विशेषनाम आहे. एकेकाळी लंडनच्या टॉवर या किल्ल्यावर पहाऱ्याला माणसं पुरवणाऱ्या त्या वाड्याच होत्या खऱ्या, पण 'बुरुजवाड्या' लिहिलंत तर लोक हसतील.