सरकारविरोधी निदर्शनांना जायची भीती वाटते. पुण्यात राहून नेमकं काय करावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात शिकता, सरकारचं धोरण पटत नाही, पण तोंड उघडलं की 'देशद्रोही' ठरवतात. अटक होईल, पासपोर्ट अडकेल, नोकरी मिळणार नाही, या विचारांनी झोप लागत नाही. मग निदर्शनांना जावं की गप्प बसावं?

जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. पण ठरवण्याआधी मनातली भीती एकत्र ठेवू नका. 'काहीतरी होईल' या दोन शब्दांत संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बसावं लागणंही येतं आणि काही वर्षं तुरुंगात काढणंही येतं. दोन्ही खरं आहे, पण दोन्हींची शक्यता सारखी नाही आणि तयारीही सारखी नाही.

ही भीती कुठून आली हे पुणेकरांना सांगायला नको. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. त्या परिषदेवरून विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यात २०१८ पासून वकील, प्राध्यापक, कवी यांना युएपीएखाली (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा) अटक झाली, आणि खटला सुरू व्हायच्या आधीच त्यांतल्या अनेकांची वर्षं तुरुंगात गेली. याच प्रकरणात अटकेत असलेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच वारले. मे २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून अटक झाली आणि कॉलेजनंही काढून टाकलं. उच्च न्यायालयानं तिची सुटका केली आणि परीक्षेचा मार्ग मोकळा केला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तिनं ती पोस्ट लगेच काढली होती, माफीही मागितली होती, तरी उपयोग झाला नाही. म्हणून भीती वाटणं हा तुमचा भित्रेपणा नाही.

आता नेहमी काय होतं ते बघू. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, गुडलक चौकात किंवा बालगंधर्व चौकात शांतपणे निदर्शनं करणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्यांत वाईट म्हणजे बहुतेक वेळा 'ताब्यात घेणं'. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ६८ नुसार पोलिसांच्या वाजवी सूचना पाळाव्या लागतात. न पाळल्यास कलम ६९ खाली ते उचलून नेऊ शकतात, आणि किरकोळ बाब असेल तर प्रसंग निवळल्यावर सोडून देतात. गाडीत बसवतात, नाव-पत्ता लिहून घेतात, संध्याकाळी सोडतात. याची शिक्षा म्हणून कुठे नोंद होत नाही. गाडीत बसताना वेळ बघून ठेवा, आणि कोणत्या ठाण्यात नेताहेत हे बाहेरच्या एकाला तरी कळवा. सोडताना सही घेतली तर सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहा. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कितीही घाई केली तरी.

बऱ्याचदा गोंधळ होतो तो मनाई आदेशामुळे. पुण्यात पोलीस आयुक्त त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली असे आदेश काढत असतात, आणि लोक ते न वाचताच जातात. ३७(१) आणि ३७(३) वेगळे आहेत. ३७(३) मध्ये जमाव आणि मिरवणुकीवरच बंदी येते. ती १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. ३७(१) मध्ये शस्त्रं, लाठ्या, दगड बाळगणं येतं, तसंच प्रतिमा-पुतळ्यांचं प्रदर्शन आणि काही प्रकारच्या घोषणा, भाषणंही येतात. म्हणजे असा आदेश लागू असताना पुतळा जाळला तर आयताच गुन्हा हातात दिला. फलकाला बांबू लावला तर तो लाठी म्हणून धरला जाऊ शकतो. गुंडाळलेला जाड पुठ्ठा लावा किंवा फलक नुसता हातात धरा. आदेशाची प्रत ठाण्यात मागा आणि तारीख बघा, कारण मुदत संपलेला आदेशही तोंडी पुढे चालवला जातो. जमावबंदीचं जुनं कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात आणि रास्त मतप्रदर्शन दडपायला वापरता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलंय. त्याच वर्षी फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं बीड जिल्ह्यातला मनाई आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं. हा निकाल छापून जवळ ठेवण्यासारखा आहे.

तुम्ही आयोजकांपैकी असाल तर अर्ज स्थानिक ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, निदान आठवडाभर आधी द्या. जागा, सुरू आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसं, ध्वनिक्षेपक आहे का, मोर्चा असेल तर चौकाचौकाचा मार्ग, आणि जबाबदार तिघांची नावं-नंबर लिहा. मार्ग असेल तर वाहतूक शाखेलाही प्रत द्या, फ्लेक्स लावायचा तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. परवानगी किंवा नकार ऐनवेळी येतो. नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकाराविरुद्ध न्यायालयात जाता येतं, 'साहेब नाही म्हणाले' याच्याविरुद्ध काहीच करता येत नाही. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. रस्ता बेमुदत अडवून बसायचा अधिकार नाही, हे दिल्लीतल्या शाहीनबाग आंदोलनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवलंय. त्यामुळे दोन तासांची ठरलेली निदर्शनं कायद्यानं जास्त भक्कम असतात.

आदल्या दिवशी ठाण्यातला गोपनीय (माहिती गोळा करणारा) कर्मचारी फोन करेल किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस येईल. जुने लोक तिला अजून '१४९ ची नोटीस' म्हणतात. ती समज देणारी नोटीस आहे, गुन्हा नाही. ती घ्या, तारीख टाकून पोच द्या, घरी फोटो पाठवा. घाबरून ती नाकारणं किंवा दार न उघडणं यानं उगाच संशय वाढतो. कलम १७० खालची प्रतिबंधक अटक मात्र खरी अटक असते, आणि तीही फक्त त्या जोरावर २४ तासांपलीकडे चालत नाही.

राष्ट्रवादाचा सूर चढलेला असताना आपल्या हातून निसटणाऱ्या काही गोष्टी आहेत, आणि तक्रारी नेमक्या त्यांवरच होतात. फलकावर भारताचा नकाशा काढायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाचाच घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा चुकलेली असली तर १९६१ च्या कायद्यानं तो गुन्हा होतो. तिरंगा न्यायचा तर त्यावर एक अक्षरही लिहू नका, तो जमिनीला लागू देऊ नका, आणि संपल्यावर प्रत्येक झेंडा परत जातोय ना हे बघायला एक माणूस नेमा. घोषणा आधी लिहून वाटा. मधूनच अनोळखी माणसानं दुसरीच घोषणा दिली तर त्याच क्षणी संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन सुरू करा. समोर विरोधी गट उभा राहिला तर वाद घालायचा नाही. दंडावर पट्टी बांधलेल्या स्वयंसेवकांनी दोन्हींच्या मध्ये उभं राहायचं आणि पोलिसांना संरक्षणाचा लेखी अर्ज द्यायचा. धक्काबुक्की झाली आणि पोलिसाला हात लागला की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, आणि तिथून प्रकरण किरकोळ राहत नाही.

प्रत्यक्ष अटक झालीच तर घड्याळ महत्त्वाचं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं, रविवार असो वा दिवाळी. अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांसाठी लागू केलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवावं लागतं, ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत साधारणपणे आधी कलम ३५(३) ची नोटीस येते. त्या तारखेला वकिलाला विचारून हजर राहिलात तर कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. बरेच जण इथेच चुकतात: नोटीस आली की गावाला निघून जातात, आणि अटकेला कारण आपणच देतात.

वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोन पहिल्यांदा काढून घेतात. फोनचं बोटाच्या ठशाचं आणि चेहऱ्याचं लॉक बंद करून सहा आकडी किंवा त्याहून मोठा पासकोड ठेवा. पासकोड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. 'वकिलाशी बोलून सांगते' एवढंच म्हणा. फोन जप्त केला तर जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार व्हायला हवं. पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आणि डेटाची हॅश व्हॅल्यू (डेटा जरा बदलला तरी बदलणारा सांकेतिक आकडा) नोंदवायला सांगा. पुढे कुणी डेटात फेरफार केल्याचा प्रश्न निघाला तर तेवढाच पुरावा उरतो. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मदतक्रमांक १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पासपोर्टबद्दल: नुसती निदर्शनं किंवा नोटीस यानं तो कायद्यानं अडत नाही. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर अडतो, आणि तेव्हाही त्या न्यायालयाची परवानगी घेऊन मिळू शकतो. पोलीस पडताळणीत शेरा वाईट आला तर उशीर होतो, तो धरून चला. नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती विचारली तर लपवू नका. लपवणं हे त्या गुन्ह्यापेक्षा जास्त महागात पडतं. घरात कुणी राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर त्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू असतात, म्हणून त्यांना मोर्चात ओढू नका.

माझ्या मते आज रस्त्यापेक्षा मोबाइल जास्त धोक्याचा आहे. सरकारवर कडक टीका हा गुन्हा नाही. हिंसेला चिथावणी असेल तरच राजद्रोह, हे केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ मध्येच ठरलं. पण भारतीय न्याय संहितेतलं कलम १५२ (देशाचं ऐक्य धोक्यात आणणं) शब्दांनी फार ऐसपैस आहे आणि १९६ (गटांत वैर पसरवणं) सहज लावलं जातं. युद्धजन्य तणावात किंवा दंगलीच्या दिवसांत रात्री, रागाच्या भरात, दुसऱ्याचं तयार चित्र पुढे पाठवू नका. स्वतःच्या शब्दांत, धोरणाचं नाव घेऊन, समाजाचं नाव न घेता लिहा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्यानं काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. तरी आक्षेपार्ह मजकूर दिसला की लगेच काढा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात संघटना बेकायदा ठरवण्याची तरतूद आहे, म्हणून कोणत्याही नव्या गटाचं सभासदत्व घेताना, वर्गणी देताना तो गट कोण चालवतं, पैसा कुठे जातो हे विचारून घ्या.

झोपेचं मात्र कायद्यानं सुटणार नाही. बातम्यांसाठी दिवसात दोन ठरावीक वेळा ठेवा, आणि झोपायच्या तासभर आधी फोन दुसऱ्या खोलीत. कुटुंबाच्या ग्रुपवर काका-मामांशी वाद लिहून घालू नका. भेटून, एकेकट्याशी बोला, लिहिलेल्या वादातून फक्त जखमा उरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा: कुठे जाणार, किती वाजता परतणार, नाही आले तर कुणाला फोन करायचा. हे कागदावर लिहून आईच्या हातात दिलं की तिची आणि तुमची, दोघींची धाकधूक बरीच उतरते. निदर्शनांना एकट्यानं जाऊ नका. तिघा-चौघांनी जा, एकानं मुद्दाम बाहेर राहून फोन सांभाळायचा. दोन आठवडे झोप, जेवण, अभ्यास यांपैकी काहीच धड होत नसेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि अजून मोर्चात उतरायची हिंमत होत नसेल तर तो बाहेर राहणारा माणूस तुम्ही व्हा. प्रत्येक गटाला त्याची गरज असते आणि तो नेहमीच कमी पडतो.