कमरेतलं मशीन घेऊन जर्मनीला येणार असाल तर

लातूरचे दादा, तुम्ही विचारायलाव की लघवीसाठी कमरेत मशीन बसवलंय (वायरीतून लघवीच्या नसेला बारीक करंट देणारं), जर्मनीत नोकरी लागली, तिकडं बिघडलं तर काय. विमा-व्हिसाचं सरकारी साइटवर सगळं आहे, ते सोडते. मी परभणीची, इथं सात वर्षं झाली, माझ्याही अंगात असंच मशीन आहे म्हणून लिहायला बसले.

निघायच्या आधी मशीन आणि वायर दोन्हीचे मॉडेल नंबर अन् चालू सेटिंगचा प्रिंट घ्याच. माझ्या डिस्चार्ज कार्डावर पेनानं नुसतं 'मशीन बसविले', खाली शिक्का. इथं पाठीचा एमआरआय सांगितला तर म्हणे मॉडेल कोणतं, कारण जुन्या मशीनला फक्त डोक्याचाच चालतो, नव्याला पूर्ण अंगाचा. भाऊ तीनदा तिकडच्या दवाखान्यात हेलपाटे मारून आला, फाइल सापडेना. शेवटी एक्सरेत मशीनवरचा कोड दिसला, पण वायर कोणती ते आजतागायत कळलं नाही. बॅटरीचंही बगा, चार्ज न होणारी जुनी असली तर चार-पाच वर्षांत संपते.

दुसऱ्या हिवाळ्यात मी बर्फावर बसकन आपटले. मशीनच्या करंटच्या झिणझिण्या जागा सोडून पायात उतरल्या, अंगठा आपोआप वळायचा. डॉक्टरला लघवीचं जर्मनमधून सांगायची लाज, म्हणून रिमोटनं कमी कमी करत मशीन बंदच केलं. पाच महिने! गेले असते तर आधी प्रोग्राम बदलून बघितला असता, वायर तुटली का ते रेझिस्टन्स मोजून कळतं, मग एक्सरे. माझी वायर सरकली होती, छोटं ऑपरेशन करून नवी बसवली. जखमेजवळ लाल झालं, गरम लागलं, पाणी यायला लागलं तर मात्र एक दिवस थांबू नका, इन्फेक्शन असलं तर नुसत्या गोळ्यांवर सहसा भागत नाही, मशीन काढावं लागतं.

त्याच पाच महिन्यांत पोरीच्या शाळेत मीटिंग होती. इथं बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतं कोण कुठल्या शाळेत जाणार. मी घरून वाक्यं पाठ करून गेलेले, गणितात पोरगी हुशार आहे, भाषेला अजून एक वर्ष द्या. पण अर्ध्या तासात तीनदा बाथरूमला उठावं लागलं, तिसऱ्यांदा परत आले तर मॅडम कागद आवरायलेल्या, खालच्या दर्जाच्या शाळेची शिफारस लिहून झालेली. यांना तर जर्मन येतच नव्हतं, नुसते मान हलवत बसलेले. पोरगी आता म्हणते जाऊ दे ना आई.

एकटं वाटतं का म्हणाल तर वाटतं, सवय होते.

तुम्हाला लेकरं आहेत का, कितवीला आहेत?