हनुवटीतलं इम्प्लांट काढायचं, पण त्यासाठी एफडी मोडायची का?

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या, फोंड्याला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३३. सात वर्षांपूर्वी मुंबईत त्यांनी हनुवटीत इम्प्लांट बसवून घेतलं. आता ते नकोसं झालंय. फोटोत हनुवटी पुढे आलेली दिसते, बोट फिरवलं की कड लागते. त्यात गेल्या महिन्यात दाढेसाठी काढलेल्या एक्स-रेत दंतवैद्यांना इम्प्लांटखालचं हाड थोडं दबल्यासारखं वाटलं. दुखणं, सूज काही नाही. एका क्लिनिकने ७५,००० रुपयांत काढून देतो, संध्याकाळी घरी जाल, असं सांगितलंय. मुंबईच्या सर्जननी मात्र नुसतं काढू नका, त्याच वेळी हाडाची शस्त्रक्रिया करून हनुवटीला आकार देऊ म्हटलं. त्याचा खर्च २,२०,०००. हातात पगार येतो ३८,०००. आईसह घरखर्च २८,०००. जमा म्हणजे साडेतीन लाखांची एक एफडी. ती मोडून ७५,००० वालं उरकून घेऊ का, हा त्यांचा प्रश्न.

ताई, आत्ता नको. आणि पुढे केलंत तरी ७५,००० वालं नको, निदान आज ते ज्या रूपात तुमच्यासमोर आहे त्या रूपात तरी.

क्लिनिकच्या कागदाचा फोटो तुम्ही पाठवलात. त्यावर एकच ओळ आहे, 'इम्प्लांट रिमूव्हल ७५,०००', आणि खाली बारीक अक्षरात 'पुढील दुरुस्ती शस्त्रक्रिया वेगळी'. तुमचा खरा खर्च त्या बारीक अक्षरांत आहे. इम्प्लांट काढलं म्हणजे सात वर्षांपूर्वीची हनुवटी परत मिळाली, असं होत नाही. एवढ्या वर्षांत वरची त्वचा आणि मांस ताणलं गेलेलं असतं, ते पूर्ण आवळून येईलच असं नाही. इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण नंतर आकसतं आणि कधी खड्डे, गाठी दिसतात. सगळ्यात महत्त्वाचा आहे हनुवटीचा मेंटालिस स्नायू. खालचा ओठ आणि हनुवटीचं मांस वर धरून ठेवणं हे त्याचं काम. तोंडाच्या आतून इम्प्लांट बसवताना तो एकदा कापलेला असतो, काढताना पुन्हा कापावा लागतो. तो नीट जागेवर शिवला गेला नाही तर हनुवटी खाली लोंबते, खालचे दात दिसू लागतात आणि ओठ मिटायला हनुवटी आवळावी लागते. तसं करताना तिच्यावर सुरकुत्या आणि खळगे उमटतात. दोन्ही बाजूंनी ओठाकडे जाणारी संवेदनेची नस तिथेच असते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत संवेदना परत येते, पण काहींचा बधिरपणा कायम राहतो.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. अनेकांचं काढणं सुरळीत पार पडतं. इम्प्लांट लहान असेल, त्वचा चांगली असेल तर विशेषच. पण पैशाच्या बाजूने बघायचं तर आपल्याला वाईट निकालाचीही तरतूद हवी, आणि ती तुमच्याकडे आज नाही.

हिशेब मांडू. साडेतीन लाखांतून सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १,६८,०००, बाजूला ठेवायचा. आई तुमच्यावर अवलंबून आहे, घरात दुसरा पगार नाही, त्यामुळे या रकमेला हात लावायला मी सांगणार नाही. उरले १,८२,०००. त्यातून ७५,००० गेले की राहतात १,०७,०००. निकाल बिघडला तर दुरुस्तीला मुंबईचे २,२०,००० आणि जाणं-येणं, राहणं, टाके आणि तपासणीच्या फेऱ्या, बिनपगारी रजा धरून आणखी ४०,००० तरी. म्हणजे दीड लाखाच्या आसपास कमी पडतात. ते वैयक्तिक कर्जातून उभे केले, १४ टक्के व्याजाने ३ वर्षांसाठी, तर हप्ता साधारण ५,१२५ आणि एकूण व्याज ३४,५०० च्या घरात. तुमची महिन्याची शिल्लक १०,०००, तिच्यातले निम्मे तीन वर्षं गेले. दुसऱ्यांदा उघडलेल्या जागेवर तिसऱ्यांदा काम करणं सर्जनलाही जास्त अवघड जातं, तो भाग वेगळाच. स्वस्त म्हणून घेतलेला पर्याय असा साडेतीन लाखांवर जाऊ शकतो.

विम्यावर भिस्त ठेवू नका. कंपनीचा मेडिक्लेम असो की स्वतःचा, रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि प्रकृतीला थेट, तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेला उपचार, एवढेच अपवाद. 'फोटोत बरं दिसत नाही' यात बसत नाही. 'इन्फेक्शन झालं असं लिहून देऊ' असं कुणी सुचवलं तर त्या दारातून मागे फिरा. खोटा दावा उघडकीला आला तर पॉलिसीच जाते, आणि तुमच्या घरात आईचं आजारपण कधीही येऊ शकतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तुमच्याकडे आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला त्यात अडीच लाखांचं संरक्षण आहे, पण तेही ठरलेल्या उपचारांच्या यादीनुसारच मिळतं. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला जीएसटीतून सूटही नाही. तेव्हा दोन्ही कोटेशन जीएसटी धरून आहेत का, हे लेखी विचारा. तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, कराशिवाय सांगितलेला आकडा किती फसवा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता पैसे कुठे घालावेत ते सांगतो. आधी निदानावर. मुंबईच्या रुग्णालयातून जुने ऑपरेशन नोट्स मागवा. त्या फाइलमध्ये बहुधा इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी, माप आणि पदार्थ असतो. ते स्टिकर मिळणं फार मोलाचं आहे. सिलिकॉन असेल तर ते आवरणात सुटं असतं, सहज निघतं. सच्छिद्र पॉलिएथिलीन असेल तर मांस त्याच्या आत शिरून घट्ट बसतं. ते सोडवायला वेळ, रक्तस्राव आणि धोका तिन्ही वाढतात, आणि 'संध्याकाळी घरी' हे आश्वासन तिथे टिकत नाही. पदार्थ न विचारता ७५,००० सांगणाऱ्या क्लिनिकबद्दल माझं मत तिथेच खराब झालं.

मग बांबोळीला जा. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, शेजारी गोवा दंत महाविद्यालयात जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे. रांग लागेल, एक दिवस रजा टाका. ज्यांना तुम्हाला पॅकेज विकायचं नाही अशा डॉक्टरांचं मत हवं. हाड किती दबलंय, इम्प्लांट दातांच्या मुळांपासून किती लांब आहे, हे थ्रीडी स्कॅनवर कळतं. इम्प्लांटखाली हाड थोडं झिजणं ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, पुष्कळदा काही न करता नुसतं लक्ष ठेवतात. इम्प्लांट मुळांजवळ आलं असेल किंवा दोन एक्स-रेंत फरक वाढलेला दिसला, तर गोष्ट बदलते. लहान मापाचं इम्प्लांट बदलून बसवता येईल का, हेही विचारा. नुसतं काढण्यापेक्षा त्यात मांस लोंबण्याची शक्यता कमी असते आणि हाडाच्या शस्त्रक्रियेपेक्षा खर्च बहुधा कमी येतो.

त्यानंतरही काढायचंच ठरलं तर एकदाच, सगळं एकत्र करा. २,२०,००० आणि वरखर्च धरून २,६०,००० हवेत, जीएसटी वेगळा निघाला तर त्याहून जास्त. मोकळे आहेत १,८२,०००. उद्यापासून महिना ८,००० ची आरडी लावलीत तर दहा महिन्यांत ८०,००० जमतात. तोवर एफडीची मुदत बघून ठेवा. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी तिचे दोन भाग करा: एक १,६८,००० चा आणि दुसरा उरलेला. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी पहिल्याला हात लावावा लागणार नाही. क्लिनिकवाले 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतील. प्रोसेसिंग फी आणि रोख दिल्यास मिळणारी सूट, दोन्ही विचारा, त्यात व्याज सापडेल.

हा सगळा सल्ला हनुवटी आज शांत आहे म्हणून. ती लाल झाली, गरम लागली, तोंडात खारट स्राव किंवा पू आला, इम्प्लांट हलल्यासारखं वाटलं किंवा त्वचेतून वर येऊ लागलं, तर दहा महिने आणि आरडी विसरा. त्याच दिवशी गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जा, कागद नीट ठेवा, विमा कंपनीला लगेच कळवा, कारण तेव्हा तो उपचार ठरतो आणि दाव्याला आधार मिळतो. आणि त्या दिवशी एफडी मोडावी लागली तर बिनदिक्कत मोडा, ती त्यासाठीच ठेवलेली आहे.