इंग्लंडमध्ये अलॉटमेंट (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाली आहे, पण सगळं काटेरी रान माजलंय. साफ करायला कोणती यंत्रं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: १० रॉडचा प्लॉट, चार वर्षं पडीक, छातीइतकं ब्रॅम्बल (रानटी ब्लॅकबेरीचं काटेरी झुडूप), आत कुठेतरी एक शेड आहे असं साइटचा सेक्रेटरी म्हणतो. साइटवर वीज नाही. बजेट ३०० पौंड. आणि तुमच्या मनात रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र, भरलाय.

शेवटापासून सुरुवात करतो. रोटाव्हेटर घेऊ नका. भाड्यानेही आणू नका.

मी आणला होता. नऊ वर्षांपूर्वी वेस्ट मिडलंड्समध्ये प्लॉट मिळाला तेव्हा गावाकडच्या शेतात रोटर मारतात तसा मारला. दोन तासांत जमीन अशी झाली की फोटो काढून आईला पाठवला. एप्रिलमध्ये त्याच जमिनीवर हिरवी लव उगवली, तीही सगळीकडे सारखी, पेरल्यासारखी. पेरली मीच होती. इथलं काऊच ग्रास आपल्या हरळीसारखं वागतं. जमिनीखाली पांढऱ्या काशा, टोकाला सुईसारख्या, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवं रोप. बाइंडवीड तर आपल्या चांदवेलीच्याच घरातलं, ते बोटभर मुळावरून पुन्हा उभं राहतं. रोटाव्हेटर अशा मुळांचे हजार तुकडे करून समान वाटप करतो. हरळीत रोटर मारला म्हणून माझ्या काकाने एका ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घातलेल्या मी लहानपणी ऐकल्या होत्या. त्या इथे आल्यावर कळल्या.

१० रॉड ऐकून दडपून जाऊ नका. रॉड म्हणजे साडेसोळा फूट आणि आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, त्यामुळे एका गुंठ्यात बरोबर चार चौरस रॉड बसतात. तुमचा प्लॉट अडीच गुंठे, काटेकोर. दोघांचं माप एकाच साहेबी साखळीतून आलंय. अडीच गुंठे एका माणसाच्या आवाक्यातले असतात, फक्त एका शनिवार-रविवारच्या नाहीत.

आता यंत्र. सगळे तुम्हाला स्ट्रिमर (फिरत्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणारं यंत्र) किंवा ब्रशकटर (त्याचाच दणकट, धातूच्या पात्याचा प्रकार) सांगतील. माझं मत वेगळं आहे: पहिली खरेदी लांब दांड्याच्या बॅटरीवरच्या हेज ट्रिमरची, म्हणजे झुडपांचं कुंपण छाटायच्या यंत्राची करा, ज्याचं डोकं हव्या त्या कोनात वळतं. ब्रॅम्बलच्या फांद्या लांब, लवचिक आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. फिरतं डोकं त्या स्वतःभोवती गुंडाळून घेतं. पाच मिनिटं कापायचं आणि दहा मिनिटं उकलत बसायचं. नायलॉनची दोरी तर जाड खोडाला लागली की नुसती झिजते. हेज ट्रिमरचं पातं कात्रीसारखं चालतं, काही गुंडाळत नाही, खडे उडवत नाही. वरून थर काढत खाली या, दर वेळी फूटभर. कापलेलं लगेच फोर्कने (दात्यांच्या फावड्याने) मागे ओढून ढीग करा, नाहीतर पुढचं पाऊल त्यातच अडकतं.

जमिनीपर्यंत मात्र कापू नका. घोट्याइतके ते गुडघ्याइतके उंच खुंट ठेवा आणि तिथे थांबा. कारणं दोन. एक म्हणजे तळात हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी), स्लो-वर्म, बेडूक असतात. स्लो-वर्म सापासारखा दिसतो, पण तो बिनपायाचा सरडा आहे, बिनविषारी, आणि त्याला जाणूनबुजून मारणं इथे गुन्हा आहे. दुसरं म्हणजे पडीक प्लॉटच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. माझ्याकडे निघालं ते: काचेच्या बाटल्या, पलंगाच्या स्प्रिंगा, कुंपणाची तार आणि एक अख्खा गालिचा. कुणीतरी तण दाबायला अंथरला होता, तण त्याच्या विणीतूनच उगवलं होतं. ओला गालिचा कटरच्या डोक्यात गेला की काय होतं ते विचारू नका. म्हणून खुंट राहिले की काठीने टोचत सगळी जमीन चालून काढा, मगच खालची पातळी.

ब्रशकटर लागेल तो या दुसऱ्या फेरीला, तेही गवत आणि वाळलेल्या दांड्यांसाठी. त्यासाठी मशीन विकत घेऊ नका, हायर शॉपमधून एका वीकेंडला आणा. घेताना सरळ दांडा, खांद्याचा पट्टा आणि धातूचं तीन टोकांचं पातं मागा. वाकड्या दांड्याच्या हलक्या स्ट्रिमरला धातूचं पातं लावायचं नाही, ते त्यासाठी बनलेलंच नसतं. पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं. पात्याचा समोरून उजवीकडचा भाग, घड्याळात बारा ते तीन वाजतात तो, खुंटाला लागला तर मशीन झटक्याने उलटं येतं. आसपास १५ मीटरमध्ये कुणी नको. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा चहा घेऊन गप्पा मारायला येतातच, त्यांना आधी सांगून ठेवा.

बॅटरी की पेट्रोल? वीज नाही म्हणजे पेट्रोल, हा निष्कर्ष घाईचा आहे. बॅटऱ्या घरी चार्ज करून न्यायच्या. घरात आधीच ड्रिल वगैरे असेल तर त्याच कंपनीची, त्याच बॅटरीवर चालणारी नुसती बॉडी (बॅटरी-चार्जरशिवायचं मशीन) घ्या, बरेच पैसे वाचतात. डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका. '४० व्होल्ट मॅक्स' म्हणजे प्रत्यक्षात ३६, '२० मॅक्स' म्हणजे १८. खरा हिशोब व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर: १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर, आणि ३६ व्होल्ट अडीच अँपिअर-अवर म्हणजेही ९०च. माझा हेज ट्रिमर अशा एका बॅटरीवर पाऊण तास चालतो. दोन बॅटऱ्यांनंतर माझेच हात गळतात, तेव्हा तिसरी कधी घेतली नाही.

हायरचं मशीन टू-स्ट्रोक निघालं तर दुकानवाले सांगतील त्या प्रमाणात पेट्रोलमध्ये तेल मिसळा. बहुतेक ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि पडून राहिलं की कार्बोरेटर चिकटतो. वर्षातून दोनदा वापरायच्या पेट्रोल मशीनचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

डोळ्यांना गॉगल आणि वर जाळीचा व्हायझर (चेहऱ्यासमोरचा पडदा), दोन्ही. जाड चामड्याचे, कोपरापर्यंतचे हातमोजे. उन्हाळ्यात हॉगवीड नावाचं तण कापलंत तर अंगभर कपडे हवेतच. त्याचा रस कातडीवर पडून ऊन लागलं की फोड येतात. जायंट हॉगवीड, म्हणजे त्याची महाकाय जात, दिसलं तर त्याला मशीन लावूच नका, सेक्रेटरीला कळवा.

मग मुळं. त्याला यंत्र नाही. मॅटॉक घ्या, म्हणजे आपला टिकावच, फक्त एका बाजूचं पातं रुंद. ब्रॅम्बलच्या खुंटाखाली मुठीएवढा गड्डा असतो, तो उखडला की काम झालं, खालची बारीक मुळं राहिली तरी चालतात. खुंट ठेवायला सांगितले ते यासाठीही, नाहीतर गड्डा शोधत बसाल. फांदीचं टोक जिथे मातीला टेकलंय तिथे नवीन मूळ धरलेलं असतं, ती टोकंही उपटा. काऊच आणि बाइंडवीड फोर्कने सैल करून हाताने वेचायचं, गावाकडे बायका काशा वेचतात तसं. ते कंपोस्टमध्ये टाकू नका, झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून कुजवा.

अर्धा प्लॉट मात्र कापून झाला की काळ्या प्लास्टिकने झाका आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरा. मी पहिल्या वर्षी सगळा उघडा टाकला आणि मेपर्यंत हरलो होतो.

चेनसॉची गरज नाही. शेडभोवती एल्डरच्या झाडाची दोन-चार खोडं असतील, त्यांना बो-सॉ (धनुष्याच्या आकाराची हातकरवत) पुरतो. श्रेडरही (फांद्यांचे तुकडे करणारं यंत्र) नको, ब्रॅम्बल त्यात अडकतं. ढीग जाळायला परवानगी आहे का, हे साइटच्या नियमांत बघा. असली तरी पेटवण्याआधी ढीग हलवून दुसरीकडे रचा, तोवर त्यात हेजहॉग झोपलेला असतो.

प्लॉट ऑक्टोबरात ताब्यात येतोय हे उत्तम. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांचा विणीचा हंगाम, आणि वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ब्रॅम्बलचं रान कापायला फेब्रुवारीअखेरपर्यंतचा वेळ आहे, मुळं नंतरही काढता येतात. शेड सापडली की आधी दार ढकलून बघा. माझ्या शेडमध्ये गंजलेला पण धडधाकट मॅटॉक होता, आणि मी तीन दिवस आधीच नवा घेतला होता.